सांडण्याआधीची साफसफाई

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला आम्ल आणि अल्कलीचा धडा शिकवायला कुणी जाऊ नये. बोर्डो मिश्रण करायचे तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, हे त्याला तोंडपाठ असते. मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्यात. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची नाहीत. दोन्ही द्रावणे एकत्र केली की तो पंप लगेच भरत नाही. आधी त्या निळ्या मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून धरतो. पात्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर मिश्रणात तांबे अजून मोकळे आहे, आम्लता आहे, फवारले तर पाने करपतील. मग चुन्याची थोडी निवळी आणखी. पाते कोरे बाहेर आले की पंप चालू.

या दोन मिनिटांच्या उद्योगात रासायनिक सुरक्षिततेचे अर्धे शास्त्र आले. आम्ल मारायला अल्कली लागते, ती अंदाजाने नाही तर तपासून घालायची असते, आणि तपासणी फवारणीच्या आधी करायची असते.

याच बागायतदाराचा पुतण्या तासाभराच्या अंतरावर अंबडच्या एखाद्या प्लेटिंगच्या शेडमध्ये कामाला लागतो, तेव्हा मात्र चित्र बदलते. तिथे ॲसिडचा कॅन कलंडला की पहिला हात पाण्याच्या नळीकडे जातो. दुसरा माणूस भुशाचे पोते ओढत आणतो. तिसरा मोबाइल काढतो. तिघांचीही इच्छा चांगली असते आणि तिघेही बहुधा चुकत असतात. पुतण्याला काकाएवढी अक्कल नाही असे नाही. काकाच्या हातात वेळेवर विळा असतो. पुतण्याला तसा विळा कुणी दिलेलाच नसतो.

सांडलेले रसायन आवरण्याचे काम प्रत्यक्षात सांडण्याच्या आधी होते. नंतरची दहा मिनिटे ही त्या कामाची परीक्षा असते.

नाशकात काय काय सांडते

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. नाशकात आधी सातपूर, मग अंबड, पुढे सिन्नर, गोंदे, दिंडोरी असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. मोटारींचे भाग, विजेची उपकरणे, औषधे ही इथली ठळक उत्पादने. पण मोठ्या कारखान्याच्या एका चकचकीत बोल्टमागे पाच-सहा छोट्या शेड उभ्या असतात. एकीत बोल्टचा गंज हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काढतात, दुसरीत कॉस्टिकने तेलकटपणा घालवतात, तिसरीत जस्ताचा किंवा क्रोमचा थर चढवतात, चौथीत रंग मारतात. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो, अग्निशमनाची गाडी असते. छोट्या शेडमध्ये मालक, सुपरवायझर आणि आठ-दहा मुले असतात, आणि रसायन मात्र तेवढेच तिखट असते.

शेडबाहेरही रसायने आहेत. द्राक्षे साठवणाऱ्या शीतगृहांत अमोनिया फिरतो. पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. वाइनरीच्या आणि दूध प्रकल्पांच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या जोडल्यावर वेल्डिंगचे काळे डाग काढायला जी पेस्ट लावतात, तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते अंगावर सांडले आणि त्याच संध्याकाळी माणूस दारू प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. कारण हे रसायन दारू पचवण्याच्या यकृताच्या कामात मध्येच आडवे येते. ज्या जिल्ह्यात द्राक्ष आणि वाइन शेजारी नांदतात, तिथे ही गोष्ट बाटलीच्या लेबलवरच्या बारीक अक्षरांत न राहता मजुरांच्या कानी पडायला हवी.

म्हणून पहिले काम यादीचे. आपल्या जागेत कोणती रसायने आहेत, किती आहेत, कुठे आहेत आणि कुणाशेजारी आहेत? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्लेटिंगच्या शेडमध्ये सायनाइड आणि ॲसिड एकाच फळीवर किंवा एकाच उतारावर ठेवले, तर दोन्ही कॅन फुटण्याचीही गरज नाही. दोघांचे ओघळ गटारात भेटले तरी हायड्रोजन सायनाइड तयार होतो, आणि मारायला त्याला वेळ लागत नाही. साफसफाईचे ब्लीचिंगचे पाणी आणि ॲसिड भेटले की क्लोरीन सुटतो. सासू-सुनेच्या भांडणात दोघींना वेगळ्या खोल्या देऊन भागते. इथे मोऱ्याही वेगळ्या लागतात.

यादीत आणखी एक रकाना हवा: कधीपासून पडून आहे? जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात, बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन गळला. शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. वापरातल्या सिलिंडरकडे कुणाचे तरी लक्ष असते. ज्याचा मालकच उरलेला नाही, तो कोपऱ्यात शांतपणे गंजत असतो.

२१ एप्रिल २०२१

नाशिककरांना गळती या शब्दाचा अर्थ नव्याने शिकवणारी दुर्घटना कारखान्यात घडली नाही. ती महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात घडली. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, खाटा भरलेल्या होत्या आणि बहुतेक रुग्ण ऑक्सिजनवर होते. रुग्णालयाच्या आवारात १३ हजार लिटर क्षमतेची द्रवरूप ऑक्सिजनची टाकी होती. २१ एप्रिलला त्या टाकीतून गळती सुरू झाली. आवारात पांढऱ्या धुक्याचे लोट पसरले, अग्निशमन दलाचे जवान त्या धुक्यात शिरले, गळती थांबवली गेली. पण मधल्या वेळात वॉर्डांकडे जाणाऱ्या नळीतला दाब खाली आला होता. नातेवाईक सिलिंडरसाठी जिन्यांवरून धावत होते. त्या दिवशी २२ रुग्णांचा जीव गेला.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. एका लिटर द्रवाचा सुमारे ८६० लिटर वायू होतो, म्हणजे तेवढ्या टाकीत कोटीभर लिटरांहून जास्त वायू मावतो. तो स्वतः दिसत नाही. दिसते ते धुके, म्हणजे त्या थंडीने हवेतले बाष्प गोठून झालेला ढग. त्या ढगात काही हात दूरचे दिसत नाही, व्हॉल्व्हवर बर्फ चढतो, उघड्या हाताने धरला तर कातडी चिकटून येते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण कपड्यांत मुरला तर एका ठिणगीने तेच कपडे भडकतात. डांबरात मुरला तर ते मिश्रण नुसत्या आघातानेही उडू शकते. म्हणून अशा टाकीखाली आणि टँकर उभा राहतो त्या जागी डांबर नसते, काँक्रीट असते.

पण या दुर्घटनेचा धडा रसायनाच्या गुणधर्मांच्या पलीकडचा आहे. सांडलेला पदार्थ माणसाला लागून मारतो, असे आपण धरून चालतो. इथे सांडलेल्या पदार्थाने बाहेर कुणाला भाजले नाही; तो आत पोचला नाही म्हणून माणसे गेली. कोणतीही गळती थांबवणे म्हणजे काहीतरी बंद करणे, आणि जे बंद होते त्यावर पुढे कुणीतरी अवलंबून असते. शीतगृहातला अमोनिया बंद केला तर माल जातो. बॉयलरचे पाणी बंद केले तर बॉयलर जातो. रुग्णालयात श्वास जातो.

म्हणून टाकी, पाइप आणि व्हॉल्व्ह असलेल्या प्रत्येक जागेने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गळतीच्या आधीचा बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, आणि धुक्यात, अंधारात, हातमोजे घालून तो सापडेल का? तो बंद केल्यावर पुढच्या टोकाला पुरवठा कशातून होईल, आणि तो राखीव पुरवठा पूर्ण भार किती मिनिटे पेलेल? आणि तिसरा: हे ज्याला येते तो माणूस या क्षणी, या पाळीत, या आवारात हजर आहे की त्याला फोन करून बोलवायचे आहे? उत्तरे कागदावर असून भागत नाही. रात्रपाळीच्या वॉचमनला ती देता आली पाहिजेत.

पहिली दहा मिनिटे

समजा, अंबडच्या एका शेडमध्ये सकाळी आठ वाजता हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पस्तीस लिटरचा कॅन हातगाडीवरून घसरला आणि फुटला. पांढरट वाफा वर येताहेत, नाकाला झोंबतेय.

"दादा, नळी आणू का? पाणी मारतो!"

"नको! पाणी राहू दे. आधी मागे हो. कुणाच्या अंगावर उडालंय का ते बघ."

सुपरवायझरची ही वाक्ये बरोबर निघाली तर अर्धे काम झाले. क्रम असा आहे: आधी माणसे, मग उगम, मग गटार आणि सगळ्यात शेवटी फरशी. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो, कारण फरशी डोळ्यांसमोर असते आणि मालक दारात उभा असतो.

माणसे म्हणजे आधी ओरडून सगळ्यांना बाहेर काढणे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेणे आणि मोजणे. ज्याच्या अंगावर उडाले त्याचे कपडे तिथेच उतरवायचे. लाजेपायी भिजलेली पँट तशीच ठेवणारा माणूस मांडी जाळून घेतो. मग वाहते पाणी किमान पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ. पंधरा मिनिटे हा मोठा वेळ आहे. दुसऱ्या मिनिटालाच "बरं वाटतंय" म्हणून माणूस उठतो, त्याला धरून बसवावे लागते. लिंबू, सोडा, दूध, हळद यातले काहीही त्या जखमेवर लावायचे नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा: कॉस्टिकच्या पापड्या किंवा कळीच्या चुन्याची भुकटी असेल तर आधी कोरडीच झटकायची, मग पाणी. एवढे झाले की १०८ ला फोन.

थोडक्यात सांगायचे तर पाणी अंगावर भरपूर, फरशीवर आधी नाही.

उगम म्हणजे जिथून येतेय ती जागा. कॅन आडवा पडला असेल तर उभा करणे, व्हॉल्व्ह उघडा असेल तर फिरवणे, ड्रमला भोक असेल तर भोक वर येईल असा फिरवणे. हे योग्य हातमोजे, गॉगल, गमबूट आणि ॲप्रन चढवल्यावरच करायचे, आणि एकट्याने नाही. दुसरा माणूस दूर उभा राहून नुसता बघत असतो. हे फुकटचे काम वाटते, पण पहिला कोसळला तर त्याला ओढून काढायला बोलावणार कोण? टाकीत, खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये पडलेल्याला काढायला उडी घेणारा दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. तिथे धाडस नको, हवेची टाकी पाठीवर असलेला अग्निशमनचा जवान हवा. क्रमांक १०१ किंवा ११२.

गटार म्हणजे फरशीचा उतार जिथे संपतो ती जाळी. रबराची चटई, ओल्या वाळूच्या पिशव्या, मातीचा बांध यातले जे हाताशी असेल ते तिथे. बांध घालणे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. फक्त कुठे घालायचा ते आधी ठरवून ठेवावे लागते.

पाणी, भुसा आणि खायच्या सोड्याचे पाकीट

आता फरशी. इथे सवयीने केलेल्या चुका सर्वांत जास्त.

सल्फ्युरिक ॲसिड तेलासारखे दाट, पण पाण्यापेक्षा जड असते. ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिकवर पाण्याचा फवारा मारला की पाणी वरच्या वरच उकळते आणि गरम ॲसिडचे थेंब तोंडावर येतात. भुसा तेलाला चालतो, पण नायट्रिक किंवा क्रोमिक ॲसिडवर टाकला तर तो स्वतः पेट घेऊ शकतो, कारण ही ॲसिडे लाकडाला ऑक्सिजन पुरवतात. म्हणून तिथे कोरडी वाळू. पण हायड्रोफ्लोरिकवर वाळूही नको, ते सिलिकालाच खाते आणि विषारी वायू सोडते. त्याच्यासाठी चुना किंवा कॅल्शियमची पावडर, आणि कातडीसाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल जवळ हवे. हे ॲसिड सुरुवातीला फारसे भाजत नाही. आत शिरून शरीरातले कॅल्शियम पकडते आणि मग रात्री हाड ठणकू लागते. जिथे ती वेल्डिंगची पेस्ट वापरतात तिथे हे जेल प्रथमोपचार पेटीत नसेल, तर ती पेटी केवळ भिंतीची शोभा आहे.

थिनर सांडला तर तिथे ॲसिडची चिंता नसते, ठिणगीची असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत खड्ड्यात, चेंबरमध्ये जाऊन बसते. अशा वेळी पंखा बंद करायला बटण दाबणारा हातही ठिणगी पाडू शकतो. मेन स्विच बाहेर असेल तर तिथून बंद करावा, आत काहीही चालू-बंद करू नये.

आणि आता विळ्याच्या पात्याचे गणित. ॲसिड मारायला सोडा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. किती, हे फार थोड्यांना. एक लिटर ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडला सुमारे दोन किलो धुण्याचा सोडा किंवा तीन किलो खायचा सोडा लागतो. ३० टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिकला लिटरमागे अर्धा किलो धुण्याचा सोडा. म्हणजे मघाच्या पस्तीस लिटरच्या कॅनला सतरा-अठरा किलो. अनेक शेडमधल्या लाल पेटीत "स्पिल किट" म्हणून जे पाकीट असते, ते भजी फुगवायला पुरेल. कॅनला पुरणार नाही.

गणिताची दुसरी बाजू वायूची. सल्फ्युरिकच्या त्या एका लिटरवर धुण्याचा सोडा घातला तर साधारण साडेचारशे लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, खायचा सोडा घातला तर नऊशे. बंद खोलीत, गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या माणसाच्या तोंडाशी हा वायू साचतो. म्हणून दारे उघडी ठेवायची, सोडा कडेने मध्याकडे टाकत जायचा, हळूहळू, फेस ओसरेल तसा. घाईने ओतला तर फेसाबरोबर ॲसिड उसळते. ॲसिड जास्त असेल तर आधी वाळूत शोषून घ्यायचे, मग सोडा. आणि ॲसिडवर कॉस्टिक ओतण्याचा शहाणपणा करायचा नाही. दोन तिखटांची भेट उष्णतेने उकळते.

संपले की नाही, हे कसे कळणार? फेस थांबला म्हणून नाही. पीएच कागदाची पट्टी लावायची आणि ६ ते ८ च्या आसपास रंग आला तर पुढचे काम. ही पट्टी म्हणजे शेडमधला विळा.

क्रोमचे पाणी याहून अवघड. त्याचा पिवळा-नारिंगी रंग घातक क्रोमियमचा असतो. ते आम्लात, मेटाबायसल्फाइट घालून हिरवे करतात आणि मग चुन्याने खाली बसवतात. पण या कामात सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून ते फरशीवर करायचे नसते. शोषून, भरून सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीकडे न्यायचे असते. सायनाइडला तर प्रशिक्षित माणसाशिवाय हातच लावू नये. जवळचे ॲसिड दूर करा, बाहेर पडा, बोलवा.

वाऱ्याची बाजू

वायू सांडला तर खराट्याचा उपयोग नाही, पताकेचा आहे. गावच्या देवळाच्या कळसावरची पताका बघून वारा कुठून येतो हे कुणालाही कळते. शीतगृहाच्या किंवा क्लोरीनच्या खोलीच्या छपरावर तशीच एक कापडी नळी लावतात, तिला विंडसॉक म्हणतात. पळायचे ते वाऱ्याला आडवे, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला.

क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो जमिनीवरून, नाल्यातून, तळघरातून सरकतो. त्याला चुकवायचे तर उंचीवर जायचे. अमोनियाचा वायू हलका, पण गळतो तेव्हा इतका थंड असतो की धुक्यासह जमिनीलगतच लोळतो. हलका आहे म्हणून वर गेला असेल, या भरवशावर राहू नये. अमोनियाच्या वाफेला पाण्याचा पडदा शोषून घेतो, पण खाली साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडले तर तो जोराने उकळतो आणि वाफ वाढते. क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारायचे नसते, कारण त्यातून तयार होणारे आम्ल भोक आणखी मोठे करते. क्लोरीनचा ९०० किलोंचा मोठा सिलिंडर गळत असेल तर जाणकार तो असा फिरवतात की भोकातून द्रव न येता वायू यावा. द्रव क्लोरीनचा फुगून साडेचारशेपट वायू होतो, त्यामुळे एवढ्यानेच गळतीचा वेग खूप उतरतो. गळती नेमकी कुठे आहे हे शोधायलाही त्यांची जुनी युक्ती आहे: अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा काठीला बांधून जवळ नेला की गळतीच्या जागी पांढरा धूर उमटतो. ही युक्ती सांगितली ती कळावी म्हणून. करायची ती हवेची टाकी पाठीवर असलेल्यानेच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनाचा मास्क वायूला अडवत नाही.

जाळीपलीकडची नदी

सातपूर-अंबडच्या अंगाने नंदिनी वाहते, जिला जुनी माणसे अजून नासर्डी म्हणतात. ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात पोचते, जिथे हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी उतरतात आणि जे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आहे. शेडच्या जाळीतून गेलेल्या पिवळ्या पाण्याचा हा प्रवास आहे. म्हणूनच रसायन "पाण्याने धुऊन काढले" हे वाक्य अर्धवट आहे. धुऊन कुठे काढले?

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवली. पण विझवताना वापरलेले पाणी गोदामातली कीटकनाशके घेऊन ऱ्हाइन नदीत गेले. नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. त्या पाण्याला अडवायला पुरेसा खड्डा नव्हता. तेव्हापासून गोदाम बांधताना आग विझवल्यावरचे पाणी कुठे साठेल, हाही प्रश्न विचारला जातो. छोट्या प्रमाणात तोच नियम शेडला लागू होतो: ड्रमभोवती बांध असावा, आणि त्यात सर्वांत मोठ्या ड्रमच्या ११० टक्के तरी माल मावावा.

आवरल्यानंतर जे उरते, म्हणजे ॲसिड प्यालेली वाळू, चिंध्या, हातमोजे, तो घातक कचरा असतो. २०१६ च्या नियमांनुसार तो झाकणाच्या, लेबल लावलेल्या ड्रममध्ये ठेवायचा, सर्वसाधारणपणे ९० दिवसांच्या आत अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवायचा. पुणे जिल्ह्यात रांजणगावला असे केंद्र आहे. महापालिकेची घंटागाडी हे त्याचे उत्तर नाही. त्या गाडीवरच्या कामगाराच्या हातात मोजेसुद्धा नसतात.

नियमांच्या खालचे लोक

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळची वायुदुर्घटना घडली. त्यानंतर कायदे आले: १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८७ ची कारखाने अधिनियमातील दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट नेमले. १९८९ च्या नियमांनी मोठ्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम सक्तीची केली. १९८७ च्या दुरुस्तीने तर धोका दिसला की तो सांगण्याचा हक्क कामगाराला दिला.

पण आराखड्याची सक्ती ठरावीक साठ्यापासून सुरू होते. अमोनियासाठी ती मर्यादा ६० टन आहे, क्लोरीनसाठी १० टन. मर्यादेच्या खाली असलेल्या शेडमध्ये कायद्याची नजर विरळ होत जाते. डोळा जायला मात्र टन लागत नाही, दोन थेंब पुरतात. तिथे कायदा पोचेपर्यंत थांबायचे, की मालकाने आणि मुलांनी मिळून आपलाच आराखडा करायचा, हा प्रश्न आहे.

तो आराखडा एका पानाचा असू शकतो. प्रत्येक रसायनाबरोबर पुरवठादाराने सुरक्षा माहितीपत्रक द्यायचे असते. त्याचे सोळा भाग असतात. चौथ्यात प्रथमोपचार, सहाव्यात सांडले तर काय, आठव्यात कोणते हातमोजे. ते इंग्रजीत असते आणि ऑफिसच्या कपाटात असते. या तीन भागांचे मोठ्या अक्षरांतले मराठी, आणि बाहेरून आलेल्या मुलांसाठी हिंदी, एका पानावर उतरवून ड्रमच्या वर भिंतीला लावले तर कपाटातल्या फाइलपेक्षा त्याचा उपयोग अधिक. हातमोज्यांचा भाग तर वाचलाच पाहिजे. निळे नायट्रिलचे मोजे सगळीकडे दिसतात, पण तीव्र सल्फ्युरिक किंवा ॲसिटोनपुढे ते फार वेळ टिकत नाहीत.

हळदीचे पाणी

शेवटी एक प्रयोग, खर्च शून्याच्या जवळचा. शनिवारी पाळी सुटायच्या अर्धा तास आधी वीस लिटर पाण्यात मूठभर हळद कालवायची आणि ॲसिडचे कॅन जिथे ठेवता, नेमके तिथे ते पाणी ओतायचे. आधी कुणाला सांगायचे नाही, फक्त मालकाने घड्याळ लावायचे.

मग बघायचे. कोण ओरडले, कोण पळाले, कोण नळीकडे धावले. किटची किल्ली कुणाकडे होती. सोडा कोरडा होता की पावसाळ्यात दगड झाला होता. पाणी जाळीपर्यंत किती सेकंदांत पोचले. फरशी आपल्याला सपाट वाटत असते. उतार कुठे आहे ते पिवळा ओघळ दाखवतो. कधी तो सरळ सायनाइडच्या फळीखालून जातो, आणि ते बघून सगळे एकदम गप्प होतात.

त्यावर धुण्याचा सोडा टाकला की हळद लाल होते. द्राक्षाच्या बागेतून आलेल्या मुलाला तो रंग बघून वेगळे काही समजवावे लागत नाही. तो विचारतो, "दादा, अजून किती टाकू?" आणि पहिल्यांदाच कुणीतरी पीएचची पट्टी शोधायला उठते.